खायचे दाणे वेगळे, बियाण्याचे वेगळे: महिन्याच्या वर्गणीतून कायम निधी

(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

मागच्या अंकात वाचनालयाच्या कायम निधीबद्दल (म्हणजे मुद्दल तसंच ठेवून फक्त व्याज वापरायचं असा निधी) जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. मी बँकेत नोकरी केली आणि बावीस वर्षं गावच्या वाचनालयाची खजिनदार होते, त्यामुळे जे सांगतेय ते बऱ्यापैकी हाताखालून गेलेलं आहे. कायद्याच्या बारकाव्यांसाठी मात्र तुमच्या संस्थेच्या सीएला विचाराच.

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही सांगोला तालुक्यातल्या एका हायस्कूलची १९९६ ची दहावीची बॅच. शाळा खाजगी संस्थेची आहे, अनुदानित. दिवाळीत स्नेहमेळावा झाला तेव्हा सरांनी सांगितलं की दरवर्षी पाच-सहा पोरं चांगले मार्क पडूनही आयटीआय नाहीतर डिप्लोमाला जात नाहीत, कारण होस्टेल, मेस आणि पहिल्या वर्षाचा खर्च घरच्यांना झेपत नाही. ग्रुपवर ६० जण दरमहा २०० रुपये द्यायला तयार आहेत. पण आता रोज वाद. एक म्हणतो आपला स्वतःचा ट्रस्ट काढू, दुसरा म्हणतो एवढ्यासाठी कशाला, एका मित्राच्या खात्यावर जमा करू, तिसरा म्हणतो पतसंस्थेत टाका तिथे व्याज जास्त मिळतं. आणि निम्मे जण म्हणतात व्याजाची वाट कोण बघत बसणार, जमेल ते वाटून टाकू. काय करावं?

उत्तर: दादा, शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करते कारण सगळं त्यावरच अडतं. वाटून टाका म्हणणारे चुकीचे नाहीत आणि साठवा म्हणणारेही चुकीचे नाहीत, तुम्ही शेतकऱ्यांची मुलं आहात, घरात खायची ज्वारी आणि बियाण्याची ज्वारी एका कणगीत कधी ठेवली का कुणी? तसंच करायचं. २०० मधले ५० रुपये चालू मदतीचे आणि १५० कायम निधीचे, आणि हे पहिल्या महिन्यापासून, दोन वेगळ्या हिशोबात.

५० रुपये गुणिले ६० माणसं गुणिले १२ महिने, ३६ हजार झाले. म्हणजे पहिल्याच जूनमध्ये दोन-तीन पोरांची होस्टेलची सोय लागली, ग्रुपवर फोटो नको पण सरांचा मेसेज तरी येईल की अमकी मुलगी पंढरपूरला डिप्लोमाला लागली, आणि तो मेसेज वाचूनच लोक दुसऱ्या वर्षी हप्ता चालू ठेवतात. नुसतं पाच वर्षं साठवा आणि मग बघू असं केलं तर दीड वर्षात निम्मी माणसं गळतात. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि गळणारी माणसं वाईट नसतात हो, त्यांना आपला पैसा कुठे गेला ते दिसत नाही एवढंच.

उरलेले १५० गुणिले ६०, महिन्याला ९ हजार. साडेसहा टक्के व्याज धरलं आणि ते मध्ये काढलं नाही तर पाच वर्षांनी ६ लाख ३५ हजारांच्या आसपास होतात, त्यात तुम्ही भरलेले ५ लाख ४० हजार. फार काही वाटत नाही ना? पण व्याजाला हात न लावता तसेच पुढे चालू ठेवा, दहाव्या वर्षी हेच १५ लाखांच्या पुढे जातं, त्यात व्याजाचे सव्वाचार लाख. पहिली पाच वर्षं बियाणं जमिनीत असतं, वर काही दिसत नाही, तेवढा काळ तो ५० रुपयांचा हिशोब तुम्हाला तारून नेतो.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही. अंताजी दामोदर काळे म्हणून गृहस्थ होते, दर माणशी वर्षाला एक पैसा मागत गावोगाव फिरले, तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होते. टिळकांनी त्या पैसा फंडाला पाठबळ दिलं आणि त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला, तिथे पोरांना काचेचं काम शिकवायचे सुद्धा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, त्यांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी बायका रोज स्वयंपाक करताना मूठभर धान्य बाजूला काढायच्या, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. आता बघा, मूठभर धान्य हे त्याच महिन्यात पोरांच्या पोटात जायचं, म्हणजे तो तुमचा ५० रुपयांचा हिशोब. आणि दोन्हीकडे मागितलेली रक्कम इतकी लहान होती की द्यायला कुणाला जड नाही आणि नाही म्हणायला कारण नाही. तुमचे २०० तसेच राहू द्या. ग्रुपमधला एखादा पैसेवाला म्हणेल मी ५ हजार देतो महिन्याला, त्याला सांगा वर्षातून एकदा वेगळी देणगी दे बाबा, महिन्याचा आकडा सगळ्यांचा एकच. नाहीतर रिक्षा चालवणारा मित्र गप्प बसायला लागतो आणि मग ग्रुप सोडतो.

आता पैसे ठेवायचे कुठे. मित्राच्या खात्यावर अजिबात नको, तो कितीही सज्जन असला तरी. कायद्याच्या नजरेत तो पैसा त्याचा, व्याज त्याच्या उत्पन्नात, टॅक्स त्याला, आणि देव न करो पण उद्या त्याचं काही झालं तर बँक तुमच्या ग्रुपला नाही, त्याच्या नॉमिनीला आणि वारसांना ओळखते. मी काउंटरवर असताना अशी एक बाई आली होती, नवरा जाऊन महिना झालेला, हातात एफडीची पावती, आणि मागे उभे भजनी मंडळाचे चार जण सांगत होते की मॅडम हे आमच्या मंडळाचे पैसे आहेत. ती बाई बिचारी रडत म्हणत होती की असतील, मला माहीतच नाही. कुणीच खोटं बोलत नव्हतं, पण कागद नव्हता.

स्वतःचा ट्रस्टही एवढ्यात काढू नका असं माझं मत आहे. धर्मादाय आयुक्त कार्यालयात नोंदणी, दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत फेरफार अर्ज, आयकराची वेगळी नोंदणी, हे सगळं सांभाळायला कायम एक माणूस लागतो, आणि तुम्ही सगळे पन्नाशीकडे झुकलेले, आपापल्या संसारात. तुमची शाळा ज्या संस्थेची आहे ती आधीच नोंदणीकृत असणार. आधी धर्मादायची नोंदणी चालू आहे ना, ऑडिट वेळेवर होतं ना आणि आयकराची धर्मादाय म्हणून नोंदणी आहे ना एवढं बघून घ्या, कागद मागायला लाजू नका, चांगली संस्था लगेच दाखवते. सगळं नीट असेल तर त्यांच्याकडेच बॅचच्या नावाने वेगळा निधी उघडायला सांगा, त्याचं खातं वेगळं, खतावणीत पान वेगळं.

आणि निधीच्या अटींचं एक पत्र आधी लिहून घ्या, पैसे नंतर. पत्रात काय पाहिजे: ही रक्कम कायम निधीसाठी म्हणजे कॉर्पससाठी दिलेली आहे, मुद्दल कधीही खर्च करायचं नाही, गहाण टाकायचं नाही, इमारतीला उसनं द्यायचं नाही, व्याज फक्त अमुक कामासाठी, विद्यार्थी कोण निवडणार (मुख्याध्यापक, एक शिक्षक, बॅचचे दोघं, असं काहीतरी), वर्षाचा हिशोब जुलैत बॅचला मिळणार, आणि उद्या शाळाच बंद पडली तर निधी कुणाला जाणार. शेवटचं लिहायला लोकांना अशुभ वाटतं, पण नाही लिहिलं तर उद्देश बदलायला कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. देणगी कॉर्पससाठी आहे असं देणाऱ्याने लेखी सांगितलेलं असलं तरच आयकरात ती तशी धरली जाते, नाहीतर ती संस्थेचं चालू उत्पन्न समजली जाते, आणि त्यातले ८५ टक्के त्याच कामासाठी खर्च करा असा नियम लागतो, म्हणजे साठवायचा हेतूच गेला. म्हणून दरमहा जाणाऱ्या १५० वर पण ‘कॉर्पससाठी’ हा शब्द पाहिजे. ६० जणांनी वर्षाच्या सुरुवातीला एकेक सही केलेलं पत्र दिलं की बारा महिन्यांचं काम झालं.

पतसंस्थेचं म्हणाल तर नाही. एक तर सार्वजनिक न्यासाचा पैसा कुठे गुंतवायचा हे कायद्यानेच ठरवून दिलंय, महाराष्ट्रातल्या १९५० च्या कायद्याचं कलम ३५, शेड्युल्ड बँक (रिझर्व्ह बँकेच्या यादीतली), पोस्ट, सरकारी रोखे, सरकारने मान्य केलेल्या सहकारी बँका, असं. दुसरं म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, ते पतसंस्थेला नाही. व्याजाचा दीड टक्का जास्त बघून पोराबाळांच्या नावाचा पैसा तिथे नेऊ नका. निधी ५ लाखांच्या वर गेला की दोन बँकांत विभागा.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय. व्याज आलं की सगळं खर्च करू नका. मी ज्या शाळेत शिकले तिथे ऑफिसबाहेर संगमरवरी पाटी आहे, अमुक यांच्या स्मरणार्थ ५०० रुपये कायम ठेव, व्याजातून गणितात पहिल्या येणाऱ्या मुलाला बक्षीस. मला मिळालं होतं ते, १९७४ साली, २५ रुपये आणि एक कंपासपेटी, आईने ते २५ रुपये दोन वेळा मोजले होते कारण त्यात माझं वर्षाचं सगळं वह्या-पुस्तकांचं झालं. मागच्या वर्षी शाळेत गेले तर ती ठेव अजून ५०० चीच आहे, व्याज येतं ३५ रुपये. शाळेने अजून ते बंद केलेलं नाही, पाकिटात ३५ रुपये घालून स्टेजवर बोलावून देतात. मुलगी घेऊन खाली आली, तिने पाकीट उघडून बघितलं आणि परत बंद केलं. ज्यांनी ५०० रुपये दिले त्यांनी त्या काळात केवढी मोठी रक्कम काढून दिली होती, आणि कुणी त्यात दरवर्षी थोडं व्याज परत घातलं असतं तर आजही तिच्या वह्या आल्या असत्या. म्हणून व्याजाचा तिसरा हिस्सा मुद्दलात परत, हे पत्रातच लिहा. समजा ४१ हजार व्याज आलं तर साधारण २७ वापरा, १४ परत टाका. दर वर्षी मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणणारच की यंदा गरज जास्त आहे, यंदा राहू दे, तेव्हा पत्र काढून दाखवायचं.

हप्त्याचं सोपं करा. यूपीआय ऑटोपे लावून टाका, तारीख ५ ठेवा म्हणजे पगार झालेला असतो. ज्यांना फोनवर जमत नाही त्यांच्यासाठी गावात एक जण पावती पुस्तक घेऊन असू दे. आणि कुणाचा हप्ता थांबला तर ग्रुपवर नाव टाकायचं नाही, कुणाची नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल. भिशीत थकलं तर दुसऱ्याचं अडतं म्हणून तगादा लावतात, इथे कुणाचं अडत नाही. एकाने फोन करून फक्त विचारायचं, बरं आहे ना सगळं.

प्रश्न: आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा ४ लाखांचा कायम निधी आहे. छत गळतंय, कमिटी म्हणते एफडी मोडू आणि दोन वर्षांत परत भरू. मी एकटीच विरोधात आहे. माझं चुकतंय का?

उत्तर: नाही ताई, तुमचं चुकत नाहीये आणि एकट्या असलात तरी मीटिंगच्या इतिवृत्तात तुमचा विरोध नोंदवून घ्या. आमच्याकडे हेच झालं. रंगकाम आणि कपाटं, १ लाख ८० हजार, दोन वर्षांत परत भरू म्हणून ठराव झाला, मी सुद्धा हात वर केला त्या ठरावाला कारण भिंती खरंच वाईट झाल्या होत्या. नऊ वर्षं झाली, त्यातले २२ हजार परत आलेत. पैसे कुणी खाल्ले नाहीत, सगळी बिलं आहेत, पण ज्या व्याजातून आम्ही मासिकं घ्यायचो ती मासिकं बंद झाली, आधी तीन, मग सहा, आणि दुपारी मासिकं वाचायला येणारी म्हातारी माणसं यायची थांबली. तेव्हा मला समजलं की आपण भिंतींना नाही, त्या माणसांच्या खुर्चीला हात घातला.

छत गळतंय ते खरं आहे, पुस्तकं भिजतील, ते थांबता येत नाही. पण त्यासाठी वेगळी वर्गणी काढा, ‘छतासाठी’ म्हणून, पावती पुस्तकही वेगळ्या रंगाचं. छताला लोक पैसे देतात, दिसतंय ना गळताना, पावसाळ्यात दोन बादल्या दारातच ठेवा आणि येणाऱ्या सभासदाला सांगा. निधीतला पैसा ज्याने दिला त्याने मुद्दल राखायचं सांगून दिलेला आहे, तो कमिटीचा नाही, त्यामुळे कमिटीला आवडो न आवडो, ठराव करण्याआधी ऑडिटरचं लेखी मत घ्या म्हणावं. नुसतं हे वाक्य मीटिंगमध्ये म्हटलं तरी बऱ्याचदा विषय थांबतो.

प्रश्न: माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला आमच्या गावच्या संस्थेच्या निधीत दरमहा पैसे पाठवायचेत. चालतं ना?

उत्तर: त्याच्याकडे पासपोर्ट कुठला आहे त्यावर आहे. भारतीय नागरिक असेल, फक्त नोकरीला तिकडे आहे, तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी समजली जात नाही, तरी पासपोर्टची कॉपी संस्थेच्या फाइलला लावून ठेवा. पण अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरी, ते परदेशी योगदान होतं, आणि त्यासाठी संस्थेला एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) परवानगी आणि दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. गावातल्या छोट्या संस्थेकडे ते नसतं. अशा वेळी भाऊ तुम्हाला पाठवेल आणि तुम्ही तुमच्या नावाने भरा असं कुणी सुचवेल, ते करू नका, संस्थेच्या गळ्याला लागतं ते. त्याने एफसीआरए असलेल्या मोठ्या संस्थेला द्यावं, आणि गावच्या निधीत तुम्ही तुमच्या कमाईतले भरा.

प्रश्न: दरमहा ५०० दिले तर टॅक्समध्ये सूट मिळते का?

उत्तर: संस्थेला ८०जीची (आयकरातल्या देणगीच्या सवलतीच्या कलमाची) मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर मिळते, साधारण निम्म्या रकमेवर, तीही तुमच्या उत्पन्नाच्या ठराविक मर्यादेत. नव्या पद्धतीत नाही. २ हजारांच्या वर रोख दिलेलं धरत नाहीत. तुमचा पॅन संस्थेला द्या, वर्ष संपल्यावर संस्था आयकर खात्याकडे देणगीदारांचं विवरण भरते आणि मग तुम्हाला सर्टिफिकेट मिळतं, नुसती पावती पुरत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळे सीएकडे ८०जी म्हणून विचारलंत तर तो नवीन नंबर सांगेल.

प्रश्न: मी निवृत्त शिपाई आहे, वय ७१. आमच्या वाचनालयाने कायम निधी सुरू केलाय, सगळे हजार-पाचशे लिहितात. मला महिन्याला ५० जमतील. एवढे दिलेले बरे दिसतील का?

उत्तर: काका, आमच्या वाचनालयाच्या दारात फुलं विकायला बसायच्या एक मावशी. त्यांना वाचता येत नव्हतं, नात यायची आमच्याकडे पुस्तकं न्यायला. निधी सुरू झाला तेव्हा दर एक तारखेला सकाळी पहिलं गिऱ्हाईक व्हायच्या आधी मावशी वर यायच्या, पदराच्या गाठीतून दहाची नोट काढायच्या, ती ओली असायची फुलांच्या पाण्याने, मी ती खतावणीत दाबून वाळवायचे. अकरा वर्षं. एकदाच चुकल्या, हात मोडला होता तेव्हा, तर पुढच्या महिन्यात वीस घेऊन आल्या. पावत्या सगळ्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या, त्या गेल्यावर नातीने आणून दाखवल्या, १३० च्या वर होत्या. आमच्या खतावणीत ज्यांनी एकदा ५ हजार लिहिले आणि दिलेच नाहीत अशी नावं पण आहेत, पण ऑडिटला बसलो की मावशींचं पान सगळ्यात भरलेलं निघायचं. ते पान बघून आम्ही कमिटीतल्यांनी पण महिन्याला द्यायला सुरुवात केली, मी आजही देते, १०० रुपये.

तुम्ही ५० द्या. पुढे कधी ३० वर यावं लागलं तर ३० द्या, खजिनदाराला कारण सांगायची गरज नाही. फक्त एक बघा, पावतीवर ‘कायम निधी’ असं लिहिलेलं पाहिजे, नुसतं ‘देणगी’ लिहिलं असेल तर तिथेच पेनने लिहून घ्या आणि खजिनदाराची सही घ्या शेजारी. नातवंडांपैकी कुणी वाचनालयात येत असेल तर पावती आणायला त्यालाच सोबत घेऊन जा.